वही बदलली, बाकी तीच!

(लातूर येथे व्यापारी, शिक्षक आणि निवृत्त कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयकर हा शब्द उच्चारला की सभेत शांतता पसरते, हा माझा नांदेडचाही अनुभव आहे आणि लातूरचाही. ज्याने कर भरलेला असतो तोही क्षणभर खिसा चाचपतो. आज मी कर किती असावा, कोणावर असावा या वादात शिरणार नाही. तो विषय अर्थशास्त्र जाणणाऱ्यांचा. मी कला शाखेचा पदवीधर, आयुष्य वृत्तपत्राच्या कागदात गेले, म्हणून बोलणार आहे तेही कागदाविषयीच. आपण भरून दिलेले विवरणपत्र सरकारदरबारी पोचल्यावर त्याचे पुढे काय होते, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात कोणता बदल झाला आणि त्या बदलात सामान्य, प्रामाणिक करदात्याच्या वाट्याला काय आले, एवढाच आजचा विषय.

लातूरच्या आडत बाजारात बसणाऱ्यांना हिशेब शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. रोजकीर्द लिहायची, तिच्यावरून खतावणी करायची, दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडायची आणि जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढायची, ही रीत येथे पिढ्यान्पिढ्या चालत आली. पण जुना मुनीम बाकी ओढण्यापूर्वी काय करतो? ताळा पाहतो. तूर घेऊन आलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यावर शंभर रुपयांची बाकी दिसली आणि तो म्हणाला, “मी तर फेडले”, तर मुनीम कीर्द उघडून तारीख शोधतो. बाकी चुकीची निघाली तर ती जुन्याच वहीत मिटवतो. तिला हळदकुंकू लावून नव्या वहीत बसवत नाही.

आयकर खात्याने वही बदलली ती फार मोठ्या प्रमाणावर, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर फार चांगली बदलली. परंतु ताळा पाहण्याचे काम राहून गेले. त्याची किंमत कोणी मोजली, हे मला सांगायचे आहे.

आपल्या मराठवाड्याला या कागदाची ओळख उशिरा झाली. इंग्रजांच्या मुलखात जेम्स विल्सन याने १८६० साली आयकर आणला. आपले जिल्हे मात्र निजामी राजवटीत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि भारताचा आयकर कायदा १ एप्रिल १९५० पासून येथे लागू झाला. त्यापूर्वी सरकारी दप्तर चालायचे ते उर्दूत. घरात मराठी बोलणारा, देवळात मराठीत अभंग म्हणणारा माणूस कचेरीत गेला की त्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. अंगठा उठवताना वर काय लिहिले आहे हे ठाऊक नसायचे. सरकारी कागदावर आले म्हणजे ते खरेच असणार आणि नसले तरी आपण काय करणार, ही जी हतबलता आपल्याकडे मुरली आहे तिचे एक मूळ तेथे आहे, असे मला वाटते. आज त्या उर्दू कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. पडद्यावर आले म्हणजे खरे!

वास्तविक हिशेबाच्या दप्तराविषयी आपल्या परंपरेत फार बारीक विचार झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अक्षपटल’ नावाच्या लेखागाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. वर्षाचा हिशेब आषाढात संपवायचा, अधिकाऱ्यांनी आपापल्या वह्या मोहोरबंद करून तेथे आणायच्या आणि पडताळणी होण्यापूर्वी आपसात बोलायचेही नाही, असा त्यात दंडक आहे. (आजही विवरणपत्राची सर्वांच्या तोंडी असलेली तारीख ३१ जुलै, म्हणजे बहुधा आषाढ-श्रावणाचाच काळ. योगायोग म्हणून सोडून द्या.) लक्षात घेण्याची गोष्ट अशी की कौटिल्याचा सारा रोख अधिकाऱ्याच्या वहीवर आहे. वही चुकीची निघाली तर दंड वही लिहिणाऱ्याला.

आता आपल्या आठवणीतला कागद पाहू. नव्वदीच्या दशकापर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे विवरणपत्र म्हणजे एक बाडच असे. भरलेला नमुना, त्याला टाचलेले पगाराचे व करकपातीचे मूळ दाखले, बँकेत भरलेल्या कराच्या चलनाची प्रत, व्यापारी असेल तर नफातोट्याचे पत्रक. जुलैच्या अखेरीस जिल्ह्याच्या आयकर कार्यालयासमोर रांगा लागत. खिडकीत बाड द्यायचे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. आत त्याची नोंद होई, गठ्ठा बांधला जाई आणि तो अधिकाऱ्याच्या टेबलाकडे वाटचाल करू लागे. ही वाटचाल किती काळ चालेल याचा नेम नसे. परताव्याचे पाकीट पोस्टमनने आणले तर घरात पेढे वाटावेत अशी परिस्थिती होती. ते पाकीट लवकर निघावे म्हणून कोणाला काय द्यावे लागे, हे या सभागृहातील ज्येष्ठांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

या पद्धतीत चुका कोठे शिरत? टाचणी निघाली, करकपातीचा दाखला गळून पडला की तेवढा कर भरलाच नाही असे ठरे. चलनाची बँकेकडून जाणारी प्रत पोचली नाही, किंवा पोचली पण दुसऱ्याच्याच नावे लागली, तरी तेच. मग त्या रकमेची मागणी निघे आणि ती मागणी व वसुलीच्या नोंदवहीत चढे. तिची सूचना करदात्याला मिळेच असे नाही. मिळाली तर तो चलन घेऊन कार्यालयात जाई, अधिकारी ते पाही, “ठीक आहे, बघतो” म्हणे. माणूस निर्धास्त होऊन घरी येई. नोंदवहीतील आकडा मात्र पुष्कळदा तसाच राही. तो तेथे पडून होता तोवर कोणाला फारसे टोचत नव्हता. जाड वहीच्या मधल्या पानावरची एक ओळ, एवढेच तिचे अस्तित्व.

सुधारणा टप्प्याटप्प्याने आल्या. १९९५ पासून दहा अक्षरी पॅन क्रमांकाची नवी मालिका सुरू झाली. जून २००४ मध्ये चार प्रतींचे चलन जाऊन एका प्रतीचे आले आणि बँकेतील भरणा संगणकाद्वारे खात्याला कळू लागला. २००६ मध्ये कंपन्यांना विवरणपत्र संगणकावरून भरणे सक्तीचे झाले. २००७ मध्ये नमुने बदलले आणि सोबत कोणताही कागद टाचायचा नाही असा नियम झाला. हा नियम फार मोठा होता. ज्या टाचणीपायी एवढे रामायण घडत होते ती टाचणीच काढून टाकली.

मग बेंगळुरूचे केंद्र आले. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली, इन्फोसिस कंपनीकडे तंत्राचे काम सोपवले आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात काम सुरू झाले. देशातील संगणकावरून भरलेली सर्व विवरणपत्रे एकाच ठिकाणी तपासायची, ही कल्पना. कागदी विवरणपत्रांपैकी सुरुवातीला कर्नाटक आणि गोव्याची तेवढी त्या केंद्राकडे देण्यात आली. गंमत पाहा, बीदर-भालकी आणि आपले उदगीर-देवणी यांच्यात सोयरिकी आहेत, बाजार एक, बोली जवळजवळ एक. पण बीदरच्या दुकानदाराचा कागद बेंगळुरूला जाऊन यंत्राखाली सरकत होता, त्याचे छायाचित्र निघत होते, आकडे संगणकात भरले जात होते, आणि उदगीरच्या त्याच्या व्याह्याचा कागद लातुरात गठ्ठ्यात बांधला जात होता.

२०१० च्या अर्थसंकल्पी भाषणात प्रणव मुखर्जी यांनी सांगितले की हे केंद्र दिवसाला सुमारे २०,००० विवरणपत्रे हातावेगळी करते. पुढच्याच वर्षी त्यांनी आकडा दिला तो दीड लाखाचा. १ फेब्रुवारी २०२४ रोजी निर्मला सीतारामन यांनी संसदेत सांगितले की विवरणपत्राच्या प्रक्रियेला २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, ते आता १० दिवसांवर आले आहेत. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशात ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. ही कामगिरी मोठी आहे. परतावा थेट बँकेत जमा होतो, मध्ये कोणाचा हात नाही, कोणाचा चहा नाही. सरकारी यंत्रणा सुधारूच शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी याचा अभ्यास करावा.

मधल्या काळात एक मौज होती. विवरणपत्र संगणकावरून भरायचे, पण सहीचा एक कागद मात्र साध्या टपालाने किंवा स्पीड पोस्टने बेंगळुरूच्या टपालपेटीकडे १२० दिवसांत पाठवायचा. कुरिअर चालणार नाही, टाचणी नको, छपाई स्वच्छ हवी. कागद घालवण्यासाठी उभारलेल्या केंद्राकडे देशभरातून कागदांचा पूर लोटला! २०१५ मध्ये आधारवर आधारित पडताळणी आली, तेव्हा हे बहुतेकांचे थांबले. आज कागदावर विवरणपत्र देण्याची मुभा उरली आहे ती ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना, तीही ठराविक साध्या नमुन्यांपुरती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बेंगळुरूच्या संगणकाला नवी विवरणपत्रे मिळाली, तशी जुनी येणी-देणीही हवी होती. म्हणून देशभरातील अधिकाऱ्यांनी आपापल्या जुन्या नोंदवह्यांतील थकबाकीचे आकडे त्यात चढवले. मी मघाशी ज्या मधल्या पानावरच्या ओळीविषयी बोललो ती ओळही चढली. गळून पडलेला दाखला, वाट चुकलेले चलन, “ठीक आहे, बघतो” म्हणून राहिलेली दुरुस्ती, सारे चढले. ताळा कोणी पाहिला नाही. वहीत निपचित पडलेल्या आकड्याला संगणकात हातपाय फुटले. कारण संगणक विसरत नाही आणि त्याला भीडही नसते. निवृत्त शिक्षकाचा आठ हजारांचा परतावा निघाला की यंत्र मागचे पान उघडते, पंधरा वर्षांपूर्वीची नऊ हजारांची ‘बाकी’ पाहते आणि परतावा वळता करून घेते. कायद्यातील कलम २४५ सांगते की असे करण्यापूर्वी करदात्याला लेखी कळवले पाहिजे. अनेकांना कळले ते पैसे वळते झाल्यावर.

मग तो शिक्षक स्थानिक कार्यालयात गेला तर उत्तर काय मिळे? “हे बेंगळुरूने केले आहे, तिकडे लिहा.” बेंगळुरूकडून उत्तर येई, “थकबाकी तुमच्या अधिकाऱ्याने चढवली आहे, त्यांच्याकडे जा.” नांदेडहून बेंगळुरूला थेट रेल्वेगाडी आहे, पण तिच्यात बसून उपयोग नाही. त्या केंद्रापुढे कोणी समक्ष हजर व्हायचे नाही, असे त्याच्या नियमांतच लिहिले आहे. ज्या व्यवस्थेने लाच घेणारा हात दूर केला, तिने चलन पाहणारे डोळेही दूर नेले.

हे मी आकसाने म्हणत नाही. खात्यानेच ते मान्य केले. २० जून २०१२ च्या परिपत्रकात केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नमूद केले की थकबाकीच्या आकड्यांवर करदाते आक्षेप घेत आहेत आणि दुरुस्तीची चार वर्षांची मुदत उलटल्यामुळे अधिकारी दुरुस्ती करण्यास असमर्थता व्यक्त करत आहेत. विचार करा, चूक खात्याची, ती उघड केली खात्याच्या संगणकाने, आणि ती सुधारण्याची मुदत संपली म्हणून भुर्दंड करदात्याला! त्या परिपत्रकाने मुदतीनंतरही दुरुस्तीची वाट मोकळी केली, हे योग्यच झाले.

त्याच सुमारास दिल्लीतील एका सनदी लेखापालाने उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ना मोठा वकील, ना संघटना. एका नागरिकाचे पत्र. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि १४ मार्च २०१३ रोजी निकाल दिला. कळवल्याशिवाय परतावा वळता करू नका. दुरुस्तीच्या अर्जांसाठी प्रत्येक अधिकाऱ्याने नोंदवही ठेवा, अर्जाला क्रमांक द्या, मुदतीत निकाली काढा. हा त्याचा गाभा. मला या निकालातील एका गोष्टीचे विशेष वाटते. देशातील अत्याधुनिक संगणक केंद्राच्या प्रकरणात न्यायालयाने उपाय सांगितला तो साध्या वहीचा आणि आवक क्रमांकाचा. जुन्या मुनिमाने दुसरे काय सांगितले असते?

आणि तरीही त्या जुन्या बाक्या संपल्या नाहीत. १ फेब्रुवारी २०२४ च्या ज्या भाषणात दहा दिवसांचा अभिमानाने उल्लेख झाला, त्याच भाषणात अर्थमंत्र्यांनी सांगितले की छोट्या, पडताळणी न झालेल्या, ताळा न लागलेल्या किंवा वादग्रस्त मागण्या मोठ्या संख्येने पुस्तकांत पडून आहेत, त्यातील काही तर १९६२ इतक्या जुन्या आहेत आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक करदाते चिंतेत आहेत, परतावे अडतात. २००९-१० पर्यंतच्या २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातील १०,००० रुपयांपर्यंतच्या मागण्या सोडून देण्याची घोषणा त्यांनी केली. सुमारे एक कोटी करदात्यांना लाभ होईल, असा अंदाज दिला. एक कोटी! ताळा न पाहता ओढलेल्या बाकीचा हा आकडा आहे. सरकारने मनाचा मोठेपणा दाखवला, त्याचे स्वागत. पण ज्याने कर वेळेवर भरला होता त्याच्या दृष्टीने ही माफी नव्हे. जे देणे नव्हतेच ते माफ कसे होईल? आणि ज्याचा परतावा त्यापूर्वीच वळता झाला होता, त्याला या घोषणेतून काही परत मिळाले नाही.

१९६२ हा आकडा ऐकला तेव्हा मला किल्लारी आठवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात घरे जमीनदोस्त झाली. त्या घरांत शिक्षक होते, दुकानदार होते. माणसे ढिगाऱ्याखालून काढावी लागली, तेथे चलनांची फाईल कोण शोधणार? अशा माणसाला आज कोणी १९९१ चे चलन दाखवा म्हटले, तर तो काय दाखवील? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भूकंप, पूर, स्थलांतर हे सारे पाहिलेली माणसे आहेत. जुना कागद सांभाळण्याचा भार सर्वांवर सारखा टाकला की तो सर्वांत दुबळ्याला सर्वांत जड होतो.

कोणाला वाटेल, हे आपल्याच देशात घडते. तसे नाही. अमेरिकेच्या कर खात्याने आपल्या उलट चूक केली. तेथे कागदी विवरणपत्रांतील आकडे अगदी अलीकडेपर्यंत कर्मचारी हाताने एकेक करून संगणकात भरत. २०२० मध्ये कोरोनामुळे कार्यालये बंद पडली, टपाल मालवाहू गाड्यांत साठवून ठेवावे लागले. मे २०२२ च्या अखेरीस २ कोटी १३ लाख कागदी विवरणपत्रे प्रक्रियेविना पडून होती. यंत्राने कागद वाचण्याचे काम तेथे गांभीर्याने सुरू झाले ते २०२३ मध्ये. चंद्रावर माणूस उतरवणारा देश! तेव्हा आपण बेंगळुरू उभारले, यात काहीच कमीपणा नाही. आपण त्यांच्याआधी केले. फक्त आपल्या जुन्या वह्या न झटकता केले.

एक लहान वाटणारी पण घराघरांतली अडचण सांगतो. आपली मराठी नावे. स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. इंग्रजीत लिहिताना एकीकडे आडनाव आधी, एकीकडे शेवटी. एका कागदावर ‘राव’ लागलेला, दुसऱ्यावर गळलेला. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. माणसाला कळते की ही एकच बाई आहे. यंत्राला कळत नाही. पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ रोजी संपली, तेव्हा जोडणी न झालेले पॅन निष्क्रिय झाले, परतावे थांबले, करकपात चढ्या दराने होऊ लागली. पुन्हा जोडायला १,००० रुपये शुल्क. यात कर चुकवणारे किती आणि नुसतेच ‘राव’ गळालेले किती, हे ज्याचे त्याने ओळखावे.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की वही पुन्हा बदलते आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा संसदेने संमत केला आणि त्याच्या अंमलाचा दिवस १ एप्रिल २०२६ ठरला. कलमांचे क्रमांक बदलले, ‘आकारणी वर्ष’ हा शब्दप्रयोग जाऊन ‘कर वर्ष’ आले. जुन्या कायद्याखालील येणी-देणी मात्र पुढे चालूच राहणार. म्हणजे बाकी पुन्हा ओढली जाणार. या वेळी ताळा आपण पाहायचा.

आपल्यापैकी पुष्कळ जण कार्यकर्ते आहात. वस्तीत जाऊन शिधापत्रिका, दाखले काढून देण्याची सवय तुम्हाला आहे. तशीच एक संध्याकाळ निवृत्तांसाठी द्या. आयकराच्या संकेतस्थळावर प्रत्येकाच्या नावे थकीत मागणीचे एक पान असते. बहुसंख्य ज्येष्ठांनी ते कधी उघडलेलेच नाही. मुलगा पुण्यात, सून बेंगळुरूत, सांकेतिक शब्द कोणाला आठवत नाही. ते पान उघडून द्या. मागणी चुकीची असेल तर ‘असहमत’ नोंदवण्याची सोय तेथेच आहे. गप्प बसणे म्हणजे मान्य करणे असे यंत्र धरून चालते. सोबत चलनाची प्रत जोडा. चलन हरवले असेल तर ज्या बँकेत भरणा केला तिचा उतारा मागा. त्यानंतर दुरुस्तीचा अर्ज करा आणि त्याचा क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. तो क्रमांक म्हणजेच २०१३ च्या निकालातून तुम्हाला मिळालेला हक्क आहे. आणि हे करताना त्यांचा आधारचा गुप्त क्रमांक वहीत लिहून ठेवू नका, एवढी खबरदारी घ्या. मदतीच्या नावाखाली फसवणारेही फिरत आहेत.

खात्याकडे माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. नांदेड आणि लातूर येथे दुरुस्तीचा पूर्ण अधिकार असलेला अधिकारी ठराविक वारी लोकांसाठी बसावा, ज्याला “बेंगळुरूला लिहा” असे म्हणण्याची सोयच नसेल. आणि परतावा वळता करण्याची सूचना मराठीतही यावी. साठ रुपयांच्या मागणीचेही इंग्रजी पत्र आले तर आमच्या भागातील म्हातारा माणूस तीनशे रुपये देऊन ते वाचून घेतो. उर्दू दप्तराच्या काळात त्याचे आजोबा तेच करत होते.

काही मंडळींनी सोबत आपल्या सूचनापत्रांचे कागद आणलेले दिसतात. त्यांनी पुढे यावे. सभागृह अजून अर्धा तास आपल्याकडे आहे आणि दोन करसल्लागार मित्र माझ्या शेजारी बसले आहेत.